टोपलीकडे बघू नका: सिम्युलेटरवर लढाऊ विमानात हवेत इंधन कसं भरावं

आम्ही पुण्यात धानोरीत राहतो. शेजारच्या लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उठलं की खिडकीच्या काचा थरथरतात, फोनवर बोलणारी आई मधेच थांबते आणि आवाज विरला की "हं, काय म्हणत होतीस?" म्हणून पुढे सुरू करते. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं तेच मुळी लोहगावला, २००२ साली. त्यामुळे इथल्या पोरांना विमानांचं वेड लागलं तर नवल नाही. नवल याचं वाटतं की सिम्युलेटरवर क्षेपणास्त्रं डागणारी, विमानवाहू जहाजावर रात्री उतरणारी मंडळी हवेत इंधन भरायची वेळ आली की गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन 'अमर्याद इंधन'वर टिचकी मारतात.

मीसुद्धा दीड वर्ष तेच केलं. मग एका पावसाळ्यात हट्टाला पेटले आणि शिकले. शिकताना इंटरनेटवरचे सल्ले जितके वाचले, तितकी माझी चूक पक्की होत गेली. म्हणून हा लेख.

हे सगळं डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या सिम्युलेटरमधल्या एफ/ए-१८सी हॉर्नेट या अमेरिकी लढाऊ विमानासाठी आहे. मूळ सिम्युलेटर फुकट असतो आणि त्याच्याबरोबर सुखोई-२५टी मिळतं, पण त्याला इंधन घ्यायची नळी, म्हणजे प्रोब, नाही. हॉर्नेट विकत घ्यावं लागतं. आधी १४ दिवसांची फुकट चाचणी घ्या, मग पैसे घाला.

पायरी १: साधनं

स्टिक (विमान वळवायचा दांडा) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) हवेत. "महागडा सेट घेतल्याशिवाय जमत नाही" हे सांगणाऱ्याला एकदा स्वतःला भरून दाखवायला सांगा. स्टिकमध्ये चुंबकीय सेन्सर असला तर उत्तम, कारण साध्या, घासून चालणाऱ्या पोटेन्शिओमीटर सेन्सरचा आकडा हात न लावताही थरथरतो. थ्रॉटलचा दांडा मात्र लांब फिरणारा हवा. स्टिकच्या बुडाशी असलेल्या बोटभर पट्टीवर हे काम करणं म्हणजे सांडशीनं सुईत दोरा ओवणं.

स्टिकच्या वर-खाली आणि डाव्या-उजव्या अक्षांना सेटिंगमध्ये १५ ते २० कर्व्ह द्या, म्हणजे मधल्या भागात हात मऊ होतो. डेडझोन, म्हणजे स्टिक हलवूनही काही होत नाही तो मधला भाग, शून्य. थ्रॉटलला काहीही नको. सगळी यंत्रं एकाच हबला लावणार असाल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणा, तपकीर गल्लीत ढिगानं मिळतात. आणि यूपीएस लावा. आमच्याकडे दर पावसाळ्यात वीज नेमकी टँकरच्या, म्हणजे इंधन देणाऱ्या विमानाच्या, मागे असतानाच जाते.

पायरी २: सरावाचं मिशन

फुकट मिळणारा कॉकेशसचा नकाशा, दुपारची वेळ, वारा शून्य, ढग शून्य. बाहेर काही न टांगलेलं हॉर्नेट. एका पंखाखाली बॉम्ब आणि दुसऱ्याखाली काही नाही, असलं विमान सरावाला घेऊ नका.

टँकर निवडताना सगळ्यांची पहिली चूक होते. नुसता केसी-१३५ घेतलात तर त्याला शेपटीखाली बूम असतो, म्हणजे कडक दांडा. टँकरमधला माणूस तो दांडा फिरवून एफ-१६च्या पाठीवरच्या भोकात बसवतो. हॉर्नेटला याचा काही उपयोग नाही. तुम्हाला केसी-१३५ एमपीआरएस हवा. त्याच्या दोन्ही पंखांखालच्या पॉडमधून रबरी नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला जाळीदार टोपली असते. इथे टँकरवाला काहीच करत नाही, विमान नेऊन प्रोब टोपलीत घालायचं काम तुमचं. आपल्या हवाई दलाची पद्धतही हीच. आग्र्याची इल्युशिन-७८ टँकर विमानं अशाच नळ्या सोडतात, आणि सुखोईच्या नाकाजवळ डाव्या बाजूला आत-बाहेर होणारा प्रोब असतो.

उंची २०,००० फूट आणि काचेवर दिसणारा वेग २७० नॉट ठेवा. हे आकडे मी तेजसकडून घेतले. १० सप्टेंबर २०१८ला तेजसनं पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं, इल्युशिन-७८कडून १,९०० किलो, तेव्हा हीच उंची आणि हाच वेग होता. फक्त मिशन एडिटरमध्ये, म्हणजे सरावाचं मिशन जिथे बनवतो तिथे, २७० टाकू नका. तिथला वेग जमिनीच्या हिशेबाचा असतो. २०,००० फुटांवर हवा इतकी विरळ असते की तुमच्या काचेवर २७० दिसायला टँकरला खरे ३६०च्या आसपास उडावं लागतं. एडिटरमध्ये २७० टाकणाऱ्याचा टँकर हवेत लोंबकळतो आणि त्याच्यामागे हॉर्नेट नाक वर करून डगमगत राहतं.

टँकरची सरळ धाव किमान ५० मैलांची ठेवा. वळणात टोपली पकडणं हे नंतरचं शिक्षण.

पायरी ३: टँकरपाशी जाणं

टॅकनवर, म्हणजे दिशा आणि अंतर दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर, टँकर शोधा, रेडिओवरून इंधन मागा, मागून आणि जरा खालून या. ३०० नॉटच्या आत आल्यावर प्रोब बाहेर काढा. रेडिओवर 'प्री-काँटॅक्ट' सांगितल्याशिवाय नळी बाहेर येत नाही, तेव्हा "माझा टँकर बिघडलाय" म्हणण्याआधी ते सांगितलंत का ते आठवा.

पायरी ४: टोपली

आता मुख्य गोष्ट. इथेच माझं दीड वर्ष गेलं.

टोपली समोर लटकत असते. हॉर्नेटचा प्रोब नाकाच्या उजव्या बाजूला, तुमच्या नजरेच्या कोपऱ्यात. साहजिकच माणूस टोपलीकडे बघतो, प्रोबकडे बघतो, पुन्हा टोपलीकडे. टोपली जरा डावीकडे गेली की स्टिक डावीकडे. विमान तिथे पोचेपर्यंत टोपली उजवीकडे. मग स्टिक उजवीकडे, या वेळी थोडी जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला विमान झोपाळ्यासारखं झुलायला लागतं आणि पाचव्याला टँकरच्या पंखावर आपटतं. मी किती टँकर पाडले ते मोजणं मी चाळिसाव्याला सोडलं.

या झोक्याला वैमानिकांच्या भाषेत पीआयओ म्हणतात, म्हणजे वैमानिकानं स्वतःच्याच हातानं वाढवलेली डोलणी. याची लाज वाटून घेऊ नका. २० जानेवारी १९७४ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एफ-१६चा पहिला नमुना, वायएफ-१६, नुसता धावपट्टीवर वेगानं पळवून बघत होते. स्टिक जवळजवळ न हलणारी, हाताचा दाब मोजणारी, आणि आडव्या डोलण्याच्या बाबतीत गरजेपेक्षा तिखट. विमान डावी-उजवीकडे असं झुलायला लागलं की ते जमिनीवर ठेवण्यापेक्षा उडवणंच बरं, असं चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी ठरवलं. उड्डाण ठरलेलं नव्हतं, तरी त्यांनी ते केलं आणि सुखरूप उतरवलं. पुढे स्टिकचा तिखटपणा कमी केला गेला. मघाचे कर्व्ह त्यासाठीच. पण नुसत्या कर्व्हनं भागत नाही, कारण खरा दोष नजरेत असतो.

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यात जाते. खड्ड्याशेजारच्या रस्त्याकडे बघितलं तर खड्डा आपोआप चुकतो. इथेही तसंच, फक्त उलट हेतूनं. नळी ज्या पॉडमधून येते त्या पॉडकडे, आणि टँकरच्या पंखाकडे बघा. माझ्या काचेच्या चौकटीत पॉड एका ठरावीक जागी दिसला की प्रोब टोपलीच्या रेषेत असतो. तुमची जागा तुमच्या बसण्याप्रमाणे आणि दृश्याच्या रुंदीप्रमाणे वेगळी असेल. ती एकदा शोधा आणि नंतर झूमला हात लावू नका. डोकं हलवून बघायला वेबकॅमवर चालणारं ओपनट्रॅक पुरतं, तेही फुकट आहे.

जागा शोधायची कशी? टोपलीच्या मागे वीस फुटांवर पाच मिनिटं नुसतं थांबून. भरायचं नाही. पहिले चार दिवस टोपलीला स्पर्शही करायचा नाही. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. माझ्या भाच्यालाही आवडला नव्हता. "आत्या, अगं, नुसतं मागे उडायचं? कंटाळा येतो मला," म्हणाला. म्हटलं, कंटाळा येईपर्यंतच उडायचंय. टँकरच्या मागे कंटाळा यायला लागला याचा अर्थ हात शांत झाला. पाचव्या दिवशी त्यानं दुसऱ्या प्रयत्नात टोपली पकडली आणि वर मलाच म्हणाला, सोपं तर आहे.

आता थ्रॉटल. स्टिकपेक्षा जास्त लोक थ्रॉटलवर बुडतात, कारण जेट इंजिन लगेच ऐकत नाही. तुम्ही दांडा पुढे करता, काहीच होत नाही, आणखी पुढे करता, आणि मग दोन्ही वेळचं एकदम येतं. माझा नियम असा: दोन दिले की दीड लगेच परत घ्यायचे. म्हणजे दांडा पुढे ढकलून तिथे ठेवायचा नाही; जरा पुढे करून लगेच बहुतेक मागे आणायचा आणि फरक दिसायची वाट बघायची. पेट्रोल संपलेल्या मित्राच्या गाडीला मागून पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेलंय कधी? मागचा ऍक्सिलरेटर पिळत नाही, जेमतेम चोळतो. पिळला की पुढचा आडवा. हातात नेमका तोच अंदाज हवा. तरीही जमत नसेल तर दोनपैकी एकच इंजिन हलवा, दुसरं स्थिर ठेवा. प्रत्येक हालचालीचा परिणाम निम्मा होतो. काही जण याला फसवणूक म्हणतात, मी म्हणत नाही.

स्टिक मुठीत धरू नका. अंगठा आणि दोन बोटं, बस. माझी मूठ आवळली जायची तेव्हा आधी पायाची बोटं आवळलेली असायची, म्हणून मी अजूनही टँकरमागे आले की पायाची बोटं हलवून बघते. दुसऱ्या खोलीतून आई विचारते, "कुणाशी भांडतेयस?" म्हणजे मी श्वास रोखून पुटपुटत असते. तसं झालं की मागे यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. हॉर्नेटला सतत ट्रिम करत, म्हणजे हात सोडूनही सरळ उडावं म्हणून बटणानं जुळवत, बसू नका. पंखांवरचे फ्लॅप ऑटोवर असले की हात सोडल्यावर संगणक विमान सरळ ठेवतो. मधे मधे करून आपणच त्याला बिघडवतो.

पाच मिनिटं स्थिर राहता येऊ लागलं की टँकरपेक्षा फक्त दोन-तीन नॉट जास्त वेग ठेवून पुढे सरका. जास्त नको. नजर पॉडवर. टोपली कोपऱ्यातून येईल आणि बसेल. बसताक्षणी सुटकेचा श्वास टाकून थ्रॉटल मागे घेतलात तर ती निसटेल, सगळ्यांची पहिली टोपली अशीच निसटते. उलट थोडं आणखी पुढे जा, मग थांबा.

चुकलात तर सरळ मागे या. वर नाही, बाजूला नाही, खाली बुडी तर अजिबात नाही. इंचभर चुकलेली टोपली स्टिक झटकून पकडायला जाल, तर तीच झटक मागचं सगळं शिकणं पुसून टाकते.

खऱ्या विमानात हे याहून अवघड असतं. विमानाच्या नाकापुढची हवा टोपलीला ऐन वेळी बाजूला ढकलते. सिम्युलेटरमधली टोपली त्या मानानं शहाणी आहे. पण खऱ्या वैमानिकाला पाठीला धक्का कळतो, वेग वाढला की अंगाला समजतं. आपल्याला फक्त डोळे. म्हणून टँकरजवळ चित्र अडखळत असेल तर सावल्या आणि ढगांचा दर्जा कमी करा. डोळ्यांना उशिरा दिसलं की हात उशिरा चालतो, आणि तोच झोका पुन्हा सुरू होतो.

पायरी ५: भरताना आणि भरल्यावर

'इंधन येतंय' असं रेडिओवर ऐकलं की आणखी एक सापळा उरतो. हॉर्नेटच्या आतल्या टाक्यांत जवळपास १०,८०० पौंड इंधन मावतं. रिकाम्या टाक्यांनी आलात तर विमान मिनिटामिनिटाला जड होत जातं, आणि मघा पुरणारा थ्रॉटल आता पुरत नाही. तुम्ही काही न करता हळूहळू मागे सरकता आणि टोपली सुटते. भरताना थ्रॉटल कणाकणानं पुढे जात राहिला पाहिजे.

भरून झालं की थ्रॉटल जरा मागे, सरळ मागे या, टोपली स्वतःच सोडेल. मग प्रोब आत घ्या. माझा भाचा पहिल्या यशाच्या आनंदात तो तसाच बाहेर ठेवून थेट तळापर्यंत आला आणि वर विचारत होता, आज विमान इतका आवाज का करतंय.