ब्लूज माउथऑर्गनसाठी जुना ट्यूब ॲम्प घेताय? या चुका टाळा

दर जूनमध्ये शिकागो ब्लूज फेस्टिव्हल आटोपला की मला फोन यायला लागतात. "काका, जुना ट्यूब ॲम्प मिळतोय, स्वस्तात आहे, घेऊ का?" ट्यूब ॲम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा ॲम्प्लिफायर. सोबत फोटो असतो, तोही समोरून काढलेला: जाळीचं कापड, गोल बटणं, एखादं झकास नाव. मागची बाजू कुणीच पाठवत नाही. ॲम्प घ्यायचा की नाही, हे मात्र मागच्या बाजूलाच कळतं.

मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका

१९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत शिकाऊ मुलांसाठी भरपूर छोटे ॲम्प निघाले. सीअर्स ही दुकानांची कंपनी ते ‘सिल्व्हरटोन’ या नावाने विकायची, तशीच दुसरी कंपनी माँटगोमरी वॉर्ड ‘एअरलाइन’ या नावाने. बनवणारे वेगळेच, डॅनइलेक्ट्रो किंवा इथल्याच शिकागोतली व्हॅल्को. यांतले बरेच ॲम्प ब्लूजला उत्तम आहेत आणि फेंडर या नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या ॲम्पच्या मानाने अजून परवडतात. पण त्याच काळात, कधीकधी त्याच नावाखाली, पॉवर ट्रान्सफॉर्मरच (ॲम्पला भिंतीतल्या विजेपासून वेगळा ठेवणारा) नसलेले ॲम्पही विकले गेले. ट्रान्सफॉर्मर महाग पडतो. तो वाचवायचा म्हणून ट्यूबांचे फिलॅमेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागे एक जोडायचे आणि भिंतीतल्या विजेवर थेट चालवायचे. आपल्याकडच्या काही व्हॉल्व्हच्या रेडिओंतही हीच युक्ती होती. पण रेडिओला लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी असायची, आतला पत्रा कुणाच्या अंगाला लागत नसे.

माउथऑर्गन वाजवणाऱ्याचं तसं नाही. माइकचं धातूचं कवच दोन्ही हातांत घट्ट धरलेलं, त्याला टेकलेली माउथऑर्गनची धातूची पट्टी, आणि त्या पट्टीवर ओले ओठ. माइकचं कवच केबलच्या जाळीतून ॲम्पच्या चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं. म्हणजे चॅसिसवर जे येईल ते सरळ तोंडात येतं.

नागपूरचा एक मुलगा इथे नोकरीला आहे, वाजवतो छान. त्याने ऑनलाइन एक छोटा ॲम्प घेतला. वर्णनात लिहिलं होतं: टेस्टेड, मूळ अवस्थेत, व्यवस्थित चालू. घरी काही दिवस वाजवला, कसला त्रास झाला नाही. मग एका शनिवारी आम्ही चारजण माझ्या बेसमेंटमध्ये जमलो. गाण्याचा माइक वेगळा होता, पीएला (गाण्याच्या लाउडस्पीकरच्या यंत्रणेला) जोडलेला, म्हणजे त्याचं अर्थिंग पक्कं. माउथऑर्गनचा गोळीच्या आकाराचा बुलेट माइक हातात धरूनच हा गायला पुढे वाकला, ओठ जाळीला टेकले आणि चटकन ठिणगी उडाली. हातातला माइक फरशीवर. ओठावर पांढरा चट्टा. बराच वेळ तो बोललाच नाही.

मी आधी प्लग ओढला आणि मागचं झाकण काढलं. आत तीनच ट्यूबा: १२एयू६, ५०सी५, ३५डब्ल्यू४. ट्रान्सफॉर्मर एकच, तोही स्पीकरसाठीचा छोटा.

"काका, घरी तर कधीच काही झालं नव्हतं."

त्याचंही कारण होतं. प्लग जुना, दोन पिनांचा, दोन्ही पाती सारख्या रुंदीची. एका बाजूने लावला की चॅसिस न्यूट्रलला जोडलं जातं, उलटा लावला की थेट फेजला. त्याच्या घरी तो सुलट लागला होता, माझ्याकडे उलट. शिवाय घरी समोर अर्थ केलेला दुसरा माइकही नव्हता. विकणाऱ्याने टेस्ट केला असेलही. आवाज येतो एवढंच त्याने पाहिलं असणार.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवायचा, ट्यूबांवरचे आकडे वाचता येतील असा. अमेरिकन ट्यूबच्या नावातला पहिला आकडा फिलॅमेंटचे व्होल्ट सांगतो. ६व्ही६, ६एसएन७, ५वाय३, १२एएक्स७ अशी नावं दिसली तर पुढे बोलायचं. ३५ किंवा ५०ने सुरू होणारं नाव दिसलं की तिथेच थांबायचं. चॅसिसवर ट्रान्सफॉर्मर दोन हवेत, एक मोठा आणि एक लहान. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो ॲम्प माझ्यासाठी संपला. ३५ किंवा ५०च्या ट्यूबांच्या असल्या ॲम्पला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मुख्य लाइनपासून वेगळं करणारा) बसवून सुरक्षित करता येतं हे खरं, पण त्या खर्चात दुसरा चांगला ॲम्प येतो. आणि कुणी "नुसता तीन पिनांचा प्लग लावून देतो" म्हणाला, तर त्याच्या हातात ॲम्प देऊ नका. अशा जोडणीत अर्थची तार चॅसिसला लावली की फेज सरळ अर्थला भिडू शकते.

पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्पमध्येही एक दुखणं बहुधा असतंच. विजेच्या एका तारेतून चॅसिसला जोडलेला, साधारण ०.०५ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. घरघर कमी व्हावी म्हणून तो तेव्हा घालत. इतक्या वर्षांनी तो आतून शॉर्ट झाला की चॅसिसवर पूर्ण व्होल्टेज येतं. इथले दुरुस्ती करणारे त्याला डेथ कॅप म्हणतात. तो काढून टाकायचा, तीन तारांची केबल लावायची, अर्थ चॅसिसला पक्का करायचा, फ्यूज आणि स्विच फेजच्या तारेवर घ्यायचे. सोबत वीजपुरवठ्याचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलायचे, कारण ते आतून वाळलेले असतात. ॲम्पच्या किमतीइतकाच जवळजवळ दुरुस्तीचा खर्च धरूनच मी सौदा करतो. "अजून चालतोय, नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे काम स्वतः करायची हौस असेल तर आधी जाणकाराच्या शेजारी बसून शिका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टच्या वर साठा उरू शकतो.

वर्षानुवर्षं बंद पडलेला ॲम्प घरी आणून थेट भिंतीत लावू नये. दुरुस्ती करणारे ॲम्पच्या आधी, सिरीजमध्ये, एक साधा तारेचा बल्ब जोडतात. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवलेला असतो.

गिटार लावून ॲम्प पारखू नका

ही माझी दुसरी तक्रार. दुकानात विकणारा गिटार जोडतो, आवाज तीनवर नेला की ॲम्प गुरगुरतो, घेणारा खूश. घरी येऊन माइक लावतो तर दोनवरच कर्कश शिट्टी. मग फोन: "ॲम्प खराब निघाला."

ॲम्प बिघडलेला नसतो. गिटारचा पिकअप तारांचं कंपन पकडतो. आपला माइक हवेतला आवाज पकडतो, आणि समोर स्पीकर असतो. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र लगेच सुरू होतं. त्यातून आपण माइकभोवती ओंजळ घट्ट करतो तेव्हा तो आणखी चढतो. गिटारवाल्यांना लवकर फाटणारा, चकचकीत वरच्या सुरांचा ॲम्प आवडतो. आपल्याला हवा तो संथपणे तापणारा, शिट्टी न मारता आवाजाचं बटण निम्म्याच्या वर नेऊ देणारा. तिथे पोचल्यावर पॉवर ट्यूब आणि छोटा स्पीकर ताणले जातात आणि तो जाड, खरखरीत सूर येतो. म्हणून स्वतःचा माइक आणि स्वतःचा माउथऑर्गन घेऊनच जा. ओंजळ बंद करून खालच्या पट्टीतला एक लांब सूर धरा, बटण हळूहळू चढवा, आणि शिट्टी कुठे सुरू होते ते लक्षात ठेवा. एवढी परीक्षा मला पुरते.

शिट्टी लवकर येत असेल तर पहिला उपाय बिनसोल्डरचा आहे. पहिल्या खोबणीतली १२एएक्स७ काढून कमी गेनची, म्हणजे आवाज कमी पटीने वाढवणारी, ट्यूब लावायची. १२एएक्स७चा गेन १००, ५७५१चा ७०, १२एवाय७चा सुमारे ४४, १२एयू७चा जेमतेम २०. चौघींच्या पिना सारख्याच. मी आधी १२एवाय७ लावून बघतो. माउथऑर्गनवाले ज्याच्यावर जीव टाकतात त्या १९५९च्या फेंडर बासमनमध्ये पहिल्या जागी कंपनीने हीच ट्यूब दिली होती. ते ॲम्प आता हजारो डॉलरला जातात. ट्यूब बदलणं तुलनेने काहीच नाही.

याउलट नवशिके काय करतात? ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल घेतात. एक सूर स्वच्छ निघत नाही, ओंजळ गळकी, श्वास घशातून, आणि तरी महिन्याभरात ब्लूज माउथऑर्गनचा उस्ताद लिटल वॉल्टर याचा आवाज हवा. वॉल्टर नेमके कोणते ॲम्प वापरायचा यावर लोक अजूनही वाद घालतात. त्याच्या आवाजात पोटातून आलेला श्वास आणि हातांची घट्ट ओंजळ किती आहे, याबद्दल मात्र ऐकणाऱ्याला शंका राहत नाही. पेडल गेन वाढवतं, म्हणजे शिट्टी आणखी लवकर आणतं. सहा महिने ॲम्पशिवाय वाजवा. ते जमलं की पाच वॉटचा ॲम्पही बोलायला लागतो.

बाकीचं थोडक्यात

नावापायी पैसे घालवू नका. गिब्सनने मिशिगनमध्ये काढलेले कलामाझू मॉडेल १ आणि २ माझ्या आवडीचे आहेत, १० इंची स्पीकरचे. पेटी भुशाच्या फळीची असते, ओल लागून फुगलेली नाही ना ते बघून घ्या.

मूळ स्पीकर फाटला असला तरी टाकू नका, कागद चिकटवून बरेच वाचतात. नवा, जोरकस गिटारचा स्पीकर घातला की बहुतेकदा शिट्टीच वाढते.

१९४०च्या आसपासच्या ॲम्पच्या स्पीकरला दोनहून जास्त तारा दिसल्या तर त्यात कायमचा चुंबक नसून विद्युतचुंबक असण्याची शक्यता मोठी. तिथे दुसरा स्पीकर सरळ बसत नाही. आणि स्पीकर सोडवून कुठलाही ट्यूब ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

गायकांचा साधा लो इम्पिडन्स माइक नुसती केबल बदलून जुन्या ॲम्पला लावला की आवाज किडकिडीत येतो. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर (माइक आणि ॲम्पचा मेळ घालणारा) घाला.

पाच वॉटचा ॲम्प ड्रमसमोर ऐकू येत नाही म्हणून विकून टाकणारे मी पाहिले आहेत. त्याला खुर्चीवर उचलून ठेवा, समोर माइक लावा, बाकीचं पीए करेल.

ॲस्टॅटिक जेटी-३०सारख्या माइकात आवाज पकडणारा जुना क्रिस्टल असेल तर तो रोशेल सॉल्ट या क्षाराचा असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो मरतो, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातही. घट्ट डब्यात ठेवा.

भारतात नेणार असाल तर

२३० व्होल्टवर स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, लागणारच. ॲम्पला लागतात त्याच्या किमान दुप्पट वॉटचा घ्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून पहिल्या दिवशी सलग दोन तास वाजवू नका. अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून, ट्रान्सफॉर्मर किती तापलाय ते बघा. बाजारातले बरेच स्टेप-डाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, ते व्होल्ट कमी करतात पण मुख्य लाइनपासून वेगळं करत नाहीत. म्हणजे ५०सी५वाला ॲम्प तिथेही तितकाच घातक. पुष्कळांच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक असतं, पण आत त्याला तारच नसते. स्टेप-डाउन भिंतीत लावण्याआधी त्याच्या अर्थच्या पिनेपासून ॲम्पच्या चॅसिसपर्यंत मल्टिमीटर लावा. जवळजवळ शून्य ओहम दाखवला तरच माइक हातात घ्या.