गालिचा घेताना रंग सगळ्यात शेवटी

आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुधा सोफ्याच्या रंगापासून सुरुवात करतं. "सोफा राखाडी आहे, त्यावर काय शोभेल?" मी आधी विचारते, फरशी कोणती आहे आणि ती रोज पुसतं कोण?

आपल्याकडे घर रोज ओल्या फडक्यानं पुसलं जातं. जड गालिचा कुणी रोज उचलत नाही. मग त्याच्या कडा रोज थोड्या थोड्या भिजतात आणि पावसाळ्यात तिथूनच कुबट वास सुटतो. म्हणून एका माणसाला अर्धा गुंडाळून बाजूला करता येईल एवढाच घ्या. फ्लॅटच्या हॉलला बहुतेक वेळा ५ बाय ८ फूट पुरतो. त्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून बघा. सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत आणि दार उघडताना लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे धागे, आड येता कामा नये. घरात काठी टेकून चालणारं कुणी असेल तर लव आखूडच हवी आणि खाली न सरकणारी रबरी जाळी हवीच.

आता गालिचा उलटा करा. मागून नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली, एकेक गाठ मोजता आली, तर तो बहुधा हातानं गाठी मारून विणलेला. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड: लव टोचून बसवायची, मागून डिंकासारखं लॅटेक्स लावायचं. तो स्वस्त असतो, दिसायलाही छान, पण काही वर्षांनी लॅटेक्स सुकून त्याची पूड जमिनीवर पडू लागते. दोन्ही घ्यायला हरकत नाही, मात्र गाठीच्या गालिच्याचे पैसे मोजून टफ्टेड घरी आणू नका. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडून दोन्ही प्रकार येतात. गुडवीव्हचं लेबल आहे का, हेही विचारा. बालमजुरीविरुद्धची ही मोहीम १९९४ साली रगमार्क या नावानं सुरू झाली. लहान मुलांच्या बोटांनी विणलेली वस्तू आपल्या मुलांच्या पायाखाली नको, असं मला मनापासून वाटतं.

"सिल्क आहे" असं सांगितलं तर लवेतला एक धागा मागून घ्या आणि जाळा. झालरीचा धागा घेऊ नका, तो बहुधा सुती ताण्याचा, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचा, असतो. लोकर आणि खरं रेशीम जळक्या केसांसारखा वास देतं आणि राख बोटांत चुरते. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं नकली रेशीम. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. व्हिस्कोसची चमक मोहात पाडते, पण त्यावर पाणी सांडलं की लव ताठरते आणि पिवळट डाग राहतो. लहान मुलांच्या घरात तो मी कधीच सुचवत नाही.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर लोकरीपेक्षा सुती सतरंजी बरी. धुता येते, उन्हात टाकता येते. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका विणतात त्या सतरंज्या एकदा बघाच. मोर, सारीपाट आणि तो ठसठशीत लाल! लोकरीचाच हवा असेल तर पावसाळ्यात गुंडाळून सुती चादरीत ठेवा. घडी घालू नका आणि प्लास्टिकमध्ये कोंडू नका.

मग रंग. पांढरट, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर क्रीम गालिचा दिसतच नाही. तिथे विटकरी किंवा निळीचा निळा टाका. शहाबादी किंवा कोटा फरशीवर मंजिष्ठेचा लाल फार खुलतो. काळ्या कडप्प्यावर वाळूचा रंग. जुन्या घरातल्या नक्षीदार सिमेंट टाइल्सवर एकरंगी सतरंजी घाला, दोन नक्ष्या एकमेकींशी भांडतात. गडद रंगात मळ लपतो हा समज अर्धाच खरा आहे: गर्द निळ्यावर पांढरा धागा, कापसाचे तंतू, सगळं उठून दिसतं. मळ लपवते ती मध्यम रंगांची बारीक मिश्र नक्षी. आपण चपला दाराशी काढतो, त्यामुळे फिकट रंग वाटतो तेवढा धोक्याचा नाही. मात्र जिथे बसून जेवता तिथे तो नको. हळदीचा डाग उन्हानं फिका होतो, पण त्या उन्हात गालिच्याचाही रंग उतरू शकतो.

मधोमध मोठं पदक असलेली नक्षी टीपॉयखाली झाकली जाते. ती मोकळ्या बैठकीलाच घ्या.

शेवटी गालिच्याभोवती फिरून दोन्ही टोकांकडून बघा. लव एका दिशेला झुकलेली असते, म्हणून एकीकडून रंग उजळ आणि दुसरीकडून गडद दिसतो. दारातून आत येताना कोणता दिसायला हवा ते ठरवा आणि तसाच अंथरा. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून रंग सुटतो का तेही पाहा. दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका. एक दिवस घरी न्यायला मागा, सकाळी खिडकीच्या उजेडात आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. आम्ही तर नेहमीच देतो.