परदेशात युद्धगुन्ह्यांची तक्रार करताना या चुका टाळा

दमास्कसच्या कोठडीतल्या छळासाठी अन्वर रस्लान या सीरियन अधिकाऱ्याला जर्मनीत कोब्लेन्झच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप ठोठावली. असा गंभीर गुन्हा कुठेही घडो, दुसऱ्या देशातही खटला चालवता येतो, हे सार्वत्रिक अधिकारक्षेत्राचं तत्त्व. तरीही तक्रारींच्या बहुतेक फायली न्यायालयाची पायरी चढण्याआधीच अडतात.

बऱ्याचदा देशच चुकतो. आरोपी जर्मनीत नसेल आणि येण्याची चिन्हंही नसतील, तर तिथले फेडरल सरकारी वकील तपास नाकारू शकतात. रस्लान २०१४ पासून तिथेच राहत होता. त्यामुळे आधी आरोपीचा ठावठिकाणा शोधा, मग कायद्याची तारीख पाहा. असे खटले ज्याखाली चालतात तो जर्मनीचा कायदा ३० जून २००२ पासूनचा आहे. त्याआधीच्या घटना त्यात बसत नाहीत.

आरोपी पदावर आहे का, हेही पाहा. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावरचं बेल्जियमचं वॉरंट आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये बेकायदा ठरवलं. सीरियाचे बशर असद यांच्यावरचं फ्रान्सचं २०२३चं वॉरंटही २०२५ मध्ये रद्द झालं, कारण वॉरंट निघालं तेव्हा असद राष्ट्राध्यक्ष होते. सत्ता गेल्यावर नवं वॉरंट निघू शकतं, म्हणून पुरावा गोळा करणं थांबवू नका.

सर्वांत मोठं नुकसान मात्र पुराव्यात होतं. फायलीत अत्याचारांची वर्णनं भरपूर असतात, पण हुकूम कोणाचा, हेच नसतं. रस्लान छळ झालेल्या गुप्तचर शाखेत चौकशी विभागाचा प्रमुख होता. त्याची जबाबदारी त्या पदावरून सिद्ध झाली. म्हणून पद, कालावधी, हाताखालची माणसं आणि आदेश कोणाकडून कोणाकडे गेले, हे कागदावर आणा.

साक्षीदाराचा सविस्तर जबाब प्रत्येक संस्थेने घेऊ नये. पाच जबाबांत तपशील थोडे थोडे बदलतात, आणि बचावपक्षाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. शिवाय पीडिताला तोच छळ पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. नाव, संपर्क आणि त्याने थोडक्यात काय पाहिलं, एवढंच नोंदवा. बाकी पोलिसांवर सोडा. संशयिताचा फोटो साक्षीदाराला दाखवू नका, नाहीतर पुढची ओळखपरेड निरुपयोगी ठरू शकते.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याचा दर्जा कमी होतो आणि फाईलमधली तारीख-ठिकाणासारखी मूळ माहिती पुसली जाते. मूळ फाईल जिथे आहे तिथेच ठेवा, तिची प्रत काढा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाईल बदलली नाही हे दाखवणारा, बोटांच्या ठशासारखा कोड) नोंदवा आणि फाईल कोणी, कधी, कोणाकडे दिली ते लिहा.

भारतात जिनिव्हा करार कायदा, १९६० युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या त्या करारांच्या भारताबाहेरच्या गंभीर उल्लंघनांनाही लागू होतो. पण कलम १७ नुसार सरकार किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. त्यामुळे इथे खासगी फिर्यादीत वेळ घालवू नका. तीच फाईल नीट बांधून आरोपी जिथे आहे त्या देशाच्या युद्धगुन्हे पथकाकडे पाठवा.