बॅरिटोन बांधताय? लाकडावरून भांडण्याआधी ब्रिज मोजा

बॅरिटोन म्हणजे साध्यापेक्षा लांब नेकची, खालच्या सुरात लागणारी गिटार. माझ्या पहिल्या बॅरिटोनच्या अंगात सागाच्या दोन गुल्ल्या आहेत. रंगाखाली दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की मला बरोबर सापडतात. ब्रिजसाठी, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागासाठी, चुकीच्या जागी पाडलेली भोकं बुजवलीत ती. हे सगळं लिहितोय ते त्या दोन भोकांपायी.

साधी इलेक्ट्रिक गिटार तुम्ही एकदा तरी बांधली असेल, निदान उघडून परत जोडली असेल असं धरतो. नसेल तर आधी तेच करा. बॅरिटोन ही पहिल्या खेपेची गोष्ट नव्हे.

मी सहा महिने फक्त लाकूड शोधलं. टोन लाकडात असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात चकरा मारल्या आणि शेवटी जुन्या वाड्याची सागवानी तुळई मिळाली. आत मोडका खिळा होता, रंध्याचं पातं गेलं. ज्यांच्याकडे फळ्या काढून घेतल्या ते सुतारमामा म्हणाले, "लाकूड वाजत नाही रे, तार वाजते. लाकूड फक्त वाकडं होतं." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या सगळ्या व्हिडिओ-गुरूंपेक्षा या माणसाला जास्त कळत होतं.

2018 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सहा अकूस्टिक गिटारी बांधून घेतल्या. सगळ्या सारख्या, फक्त पाठ आणि बाजूचं लाकूड वेगळं. त्यात आपला शिसवही होता. 52 वादकांनी त्या न बघता वाजवल्या आणि लाकडावरून कुणाला धड निवड करता आली नाही. इलेक्ट्रिकमध्ये तर आवाज तारांखालचा चुंबकी पिकअप उचलतो. म्हणजे लाकूड कसंही चालेल असं नाही. बॅरिटोनचा नेक लांब आणि तारा जाड. नेक लिबलिबीत असेल तर काही सूर लगेच विझतात, आणि पावसाळ्यात कमी वाळलेल्या फळीनं पीळ धरला की ट्रस रॉडही (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) काही करू शकत नाही. त्यामुळे नेकला सरळ रेषांचं, पुरतं वाळलेलं लाकूड घ्या. साग वापरलात तर फ्रेटबोर्ड चिकटवण्याआधी तो ॲसिटोननं पुसा. सागात तेल असतं, गोंद धरत नाही. लाकडाचं एवढंच.

आवाज खरा ठरतो तारेच्या वाजत्या लांबीवर आणि जाडीवर. साध्या गिटारची जाड तार ई, 82.4 हर्ट्झ. बॅरिटोनची बी, 61.7. तीच तार, तीच लांबी ठेवून बी लावला तर ताण 56 टक्क्यांवर येतो आणि तार फडफडते. लांबी 25.5 वरून 27 इंच केली तर ताण 12 टक्क्यांनी वाढतो, तो पुरत नाही. म्हणून तारही जाड लागते. मी 14 ते 68 चा सेट वापरतो (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). (फेंडर कंपनीची 1961 सालची सहा तारांची बेस सिक्स 30 इंची, पण ती गिटारच्या एक सप्तक खाली लागते. तिचा सेट आणू नका.)

आता ती भोकं. 27 इंच म्हणजे 685.8 मिलीमीटर. मी नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) तेवढं मोजलं, तिथे रेघ मारली आणि ब्रिजच्या सॅडलचा (तार टेकते तो पुढेमागे सरकणारा तुकडा) मधला बिंदू त्या रेघेवर ठेवून भोकं पाडली. कागदावर बरोबर होतं, पण फ्रेटवर तार दाबली की ती ताणते आणि सूर चढतो. जाड, ताठ तारेचा जास्तच चढतो. ते फेडायला प्रत्येक तार हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवावी लागते. माझ्या बारीक तारेला दीड मिलीमीटर पुरलं, सगळ्यात जाड तारेला, लो बीला, जवळजवळ सात हवे होते. सॅडलला मागे जायला वाट होती तीन. स्क्रू शेवटपर्यंत पिळला, स्प्रिंग काढून टाकली, तरी बाराव्या फ्रेटवर सूर दहा सेंट चढाच (शंभर सेंट म्हणजे एक फ्रेट). एकेकटी तार खपून जायची, कॉर्ड धरला की दात आंबायचे. मी आठवडाभर दोष सागाला देत होतो!

तुम्ही असं करा. सगळ्यात बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा आणि ते 685.8 वर बसवा, म्हणजे उरलेली सगळी वाट मागे राहते. तरी भोक पाडू नका. बाहेरच्या दोन तारा मागे तात्पुरत्या अडकवा, ब्रिज खाली सुटाच ठेवा, तारेची उंची शेवटी हवी तेवढी करा आणि ट्यूनर लावून सूर जुळेपर्यंत ब्रिज सरकवा. दोन्ही तारा फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत ना, तेही बघा. मग पेन्सिल, आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल. त्याच दिवशी नको, खरंच सांगतो.

हे झेपणार नाही वाटलं तर बॅरिटोनचा तयार कन्व्हर्जन नेक घ्या. त्यात वाढीव लांबी नटच्या बाजूला जाते, त्यामुळे जुन्या बॉडीवरचा ब्रिज हलवावा लागत नाही. याला लबाडी म्हणणारे भेटतील. त्यांनी स्वतः किती गिटारी पूर्ण केल्या, तेवढं विचारा. बाकी घाबरू नका. चुकलेलं भोक गुल्लीनं बुजतं, माझी गिटार आजही वाजते.

पिकअप जाड तारेच्या बाजूनं थोडा खाली करा, गढूळपणा बराच जातो. आणि 68 ची तार खुंटीच्या भोकात जात नसेल तर भोक जरा मोठं करून घ्या. तार कापण्याआधी तिला काटकोनात मोडा, नाहीतर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि नवीकोरी तार मेल्यासारखी वाजते. माझ्या अशा दोन गेल्या.