पॅनल नवे, सवयी जुन्या: सोलर बसवताना या चुका टाळा

1954 साली बेल लॅबोरेटरीजमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम 6 टक्के होती. आज साधं पॅनलही 20 टक्क्यांच्या पुढे असतं. ही प्रगती सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र तिच्यासोबत पॅनलचे व्होल्ट आणि अँपिअरही बदलले, हे फिटिंग करताना विसरलं जातं. 156 मिलिमीटरच्या जुन्या सेलचं पॅनल 8-9 अँपिअर द्यायचं. 182 मिलिमीटरच्या सेलचं 13-14 देतं आणि 210 चं 18 च्या आसपास जातं. आराखडा जुन्या आकड्यांवर आणि माल नवा, यातूनच बहुतेक बिघाड जन्माला येतात.

स्ट्रिंगचा हिशेब 25 अंशांवर सोडणं

स्ट्रिंग म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ, तिच्यात व्होल्टेजची बेरीज होते. डेटाशीटवरचे (कंपनीच्या माहितीपत्रकावरचे) आकडे सेलचं तापमान 25 अंश धरून दिलेले असतात. सेल गार झाला की व्होल्टेज वाढतं. समजा पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही लोड नसतानाचं) 49.5 आहे आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 600 व्होल्ट. 12 पॅनल म्हणजे 594 व्होल्ट, कागदावर बरोबर बसतात. पण पहाटे तापमान 5 अंशांवर आलं तर 20 अंशांच्या फरकाला, दर अंशी 0.27 टक्के धरून, 5.4 टक्के वाढ होते आणि आकडा 626 वर जातो. सूर्य उगवताच, इन्व्हर्टर लोड घेण्याआधी, हे पूर्ण व्होल्टेज इनपुटवर येतं. इन्व्हर्टरचा इनपुट जळायला एक पहाट पुरते. इथे 11 पॅनलच लावायचे. हिशेबात त्या जागेचं आजवरचं किमान तापमान घ्या, सरासरी नव्हे.

करंटची मर्यादा न बघणं

जुना इन्व्हर्टर ठेवून फक्त पॅनल बदलले की ही चूक हमखास होते. एमपीपीटी इनपुट (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा इन्व्हर्टरचा इनपुट) 12.5 अँपिअरचा आणि पॅनल 17 अँपिअरचं असेल, तर भर उन्हात पाचवा हिस्सा तरी वाया जातो. वीजनिर्मितीचा आलेख दुपारी टेबलासारखा सपाट दिसला तर आधी हेच तपासा. शॉर्ट सर्किट करंटची (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटची) मर्यादा वेगळी लिहिलेली असते. ती ओलांडणं मात्र धोक्याचं आहे. दोन्ही बाजूंनी वीज देणारं बायफेशियल पॅनल असेल, तर मागच्या बाजूचा वाढीव करंटही धरा.

छोट्या बॅटरी सिस्टिममध्ये उलटा प्रकार होतो. 36 सेलचं पॅनल 12 व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनलेलं होतं, म्हणून साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल थेट बॅटरीला जोडणारा-तोडणारा) चालून जायचा. त्याच कंट्रोलरला 60 सेलचं पॅनल जोडलं, तर बॅटरी त्याला 30 व्होल्टवरून 13-14 वर ओढते आणि निम्म्याहून जास्त ताकद जाते. तिथे एमपीपीटी कंट्रोलरच हवा.

केबलचंही तसंच. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, 25 मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर. तापलेल्या अवस्थेत रोध साधारण पाव ओहम. 13 अँपिअरला सव्वातीन व्होल्ट पडतात. 500 व्होल्टच्या स्ट्रिंगला हे जाणवतही नाही. 24 व्होल्टच्या सिस्टिमचा तेवढ्यात आठवा भाग जातो.

सावलीचा जुना नियम

पूर्ण सेलच्या पॅनलवर खालच्या कडेने सावली येत असेल तर ते आडवं बसवा, हा नियम योग्य होता. उभं ठेवलं तर सेलचे तिन्ही बायपास गट (सावलीत करंटला बाजूने वाट देणारा डायोड असलेले) एकदम बंद पडायचे. हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल असलेल्या, पॅनलचे वरचे आणि खालचे अर्धे समांतर जोडलेले असतात, म्हणून उभ्या पॅनलचा खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा चालू राहतो. अट एकच: रांगेतल्या सगळ्या पॅनलवर सावली सारखी पडली पाहिजे. स्ट्रिंगमधल्या एकट्याच पॅनलवर ती पडली, तर इतरांच्या करंटपुढे त्याचे डायोड उघडतात आणि त्या पॅनलची वीज जवळपास पूर्ण जाते.

दिसायला सारखे कनेक्टर

दोन कंपन्यांचे एमसी-4 धाटणीचे (पॅनलच्या केबल जोडणारे) कनेक्टर एकमेकांत ‘टक’ आवाज करून बसतात, पण आतल्या पिनेचं माप आणि मुलामा वेगळा असतो. संपर्क सैल राहतो, तापतो, प्लास्टिक वितळतं. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची जोडी वापरा. पिन पकडीने दाबू नका. योग्य क्रिंपिंग टूलच (पिन केबलवर दाबून बसवणारं अवजार) घ्या.

सकाळी फॉल्ट, दुपारी गायब

दव किंवा पावसानंतर इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट (वीज जमिनीकडे गळत असल्याचा इशारा) दाखवतो आणि ऊन चढलं की सुरू होतो. अशा वेळी इन्व्हर्टर बदलण्याची घाई होते, पण दोष बहुधा ओल शिरलेल्या कनेक्टरमध्ये किंवा क्लॅम्पखाली चिरडलेल्या केबलमध्ये असतो. जागा मीटरनेच सापडते. फॉल्ट दिसत असतानाच आधी एसी बाजू आणि मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करा, इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ थांबा आणि 1000 व्होल्ट डीसीला योग्य असलेल्या मीटरने तीन मापं घ्या: धन-ऋण, धन-अर्थ, ऋण-अर्थ (अर्थ म्हणजे अर्थिंग). स्ट्रिंग निर्दोष असेल तर अर्थकडची दोन्ही मापं शून्याकडे उतरतात. दोष असेल तर ती स्थिर राहतात. 10 पॅनलची 400 व्होल्टची स्ट्रिंग धन-अर्थ 280 आणि ऋण-अर्थ 120 दाखवत असेल, तर 120 भागिले 40, म्हणजे ऋण टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधला जोड तपासायचा.

तो जोड उघडण्याआधी क्लॅम्प मीटरवर करंट शून्य आहे हे पाहा. 50 हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर आर्क (विजेची अखंड ठिणगी) हातातच पेटतो आणि पेटलेलाच राहतो.