वैमानिकाची आठवण सांगताना आधी वारा दाखवावा

आयनार एनेव्होल्डसन या 2021 मध्ये निवर्तलेल्या वैमानिकाविषयी कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेत बोलायचे असेल, तर जन्म, शिक्षण, पुरस्कार अशी जंत्री वाचू नये. ज्या हवेवर ते स्वार झाले, ती आधी मुलांना दाखवावी; त्यासाठी पंचगंगेचा घाट पुरेसा आहे.

पूर ओसरून पायऱ्या मोकळ्या झाल्या आहेत, पण प्रवाहाची ओढ अजून टिकून आहे, असा दिवस निवडावा. मुलांना वरच्या पायरीवरच उभे करून, बुडालेल्या दगडावरून जाणारे पाणी पाहायला सांगावे. दगड ओलांडताच पाणी खाली जाते, लगेच उसळून उंचवटा करते आणि पाणी सतत वाहत असूनही तो उंचवटा जागचा हलत नाही. झेंडूची पाकळी सोडली, तर ती त्यावर चढते, उतरते आणि पुढे निघून जाते.

डोंगररांगेवर जवळजवळ काटकोनात जोराचा वारा आला, उंचीबरोबर त्याचा वेग वाढत गेला आणि हवेचे थर स्थिर असले, तर डोंगरापलीकडे हवाही अशाच लाटा घेते. लाटेच्या माथ्यावरचा भिंगाच्या आकाराचा ढग वाऱ्याच्या बाजूने बनत आणि मागच्या बाजूने विरत राहतो, म्हणून तो स्थिर भासतो. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, वाऱ्याकडे तोंड करून लाटेच्या चढत्या बाजूवर उंची मिळवतो. खालची घुसळणारी हवा मात्र धोक्याची असते. येथे घारीचे उदाहरण टाळावे, कारण रंकाळ्यावर घिरट्या घालणारी घार उन्हाने तापलेल्या हवेवर चढते आणि मुलांचा हमखास गोंधळ होतो.

मग एनेव्होल्डसन यांच्याकडे वळावे. नासाचे चाचणी-वैमानिक राहिलेल्या या माणसाने 1992 मध्ये लेझरने टिपलेले, स्थितांबरातल्या, म्हणजे नेहमीच्या ढगांच्याही वरच्या थरातल्या, अशाच पर्वतलहरींचे चित्र पाहिले आणि इंजिनाविना तेथवर जाण्याचा ध्यास घेतला. ऑगस्ट 2006 मध्ये साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट यांच्यासह, अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून निघून, अँडीजच्या लाटेवर ते 15,460 मीटरपर्यंत पोहोचले. कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. विरळ हवेत शरीराला जपणारे अंगातले दाब-पोशाख इतके फुगले की विमान हाताळणे अवघड झाले. हे सांगताना गच्च हवा भरलेली सायकलची ट्यूब मुलांना वाकवायला द्यावी.

या ध्यासातून त्यांनी उभारलेल्या ‘पर्लान’ प्रकल्पातले दाबयुक्त कक्षाचे दुसरे ग्लायडर 2018 मध्ये, इतर वैमानिकांच्या हाती, सुमारे 23,000 मीटरपर्यंत गेले. ते पाहायला एनेव्होल्डसन हयात होते.