हंगेरियन लेचो घरी कसा करायचा

बुडापेस्टमधे ऑगस्ट संपत आला की भाजीबाजारात फिकट पिवळ्या मिरच्यांचे ढीग लागतात, शेजारी पिकून मऊ झालेले टोमॅटो, आणि मग घराघरातून लेचोचा, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या रसदार भाजीचा, वास यायला लागतो. मी तिथे राहायला गेले त्या पहिल्या वर्षी शेजारच्या नेनींनी शिकवला (वयाने मोठ्या बाईंना तिकडे नेनी म्हणतात), आणि तेव्हापासून मी हा इतक्या वेळा केलाय की आता वजनकाटा लागत नाही.

तरी माप सांगते. चौघांसाठी १ किलो मिरच्या, अर्धा किलो टोमॅटो, २ मोठे कांदे, १ मोठा चमचा गोड पाप्रिका पावडर (म्हणजे न तिखट लाल मिरचीची पूड), मीठ. मिरची टोमॅटोच्या दुप्पट, एवढं लक्षात ठेवा, कारण टोमॅटो जास्त झाला की ते सॉससारखं होतं, लेचो राहत नाही. फोडणीला पारंपरिक म्हणजे डुकराची चरबी नाहीतर १०० ग्रॅम धुरावलेलं बेकन, त्याला ते सालोन्ना म्हणतात. व्हेज करायचा असेल तर ३-४ चमचे सूर्यफुलाचं तेल, तिकडेही बरेच जण तेलातच करतात.

मिरचीचं नीट सांगायला हवं. तिकडची मिरची पातळ सालीची, फिकट पिवळी, न तिखट, पाकिटावर ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं, मला आधी काही कळेना, मग समजलं की ती ‘तोल्तेनी वॉलो’ची अक्षरं आहेत म्हणजे भरण्यासाठीची मिरची. भारतात करताना मी पिवळी ढोबळी आणि भज्यांची भावनगरी मिरची निम्मी निम्मी घेते. नुसती हिरवी ढोबळी नका घेऊ, कडवट लागतं.

आता करायला घ्या. बेकन असेल तर तुकडे करून मंद आचेवर ठेवा, चरबी सुटून तुकडे पारदर्शक झाले की बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ. कांदा लाल करायचा नाही हं, आपला हात आपोआप तिकडेच जातो, पण इथे तो नुसता मऊ, काचेसारखा हवा, दहा मिनिटं तरी द्या.

मग गॅस बंद करा. खरंच बंद करा, भांडं खाली उतरवा आणि मगच पाप्रिका घालून ढवळा. ह्या पावडरीत साखर असते, गरम तेलात ती काही सेकंदात जळते आणि कडू होते, मी पहिल्यांदा गॅस चालू ठेवून घातली आणि सगळं भांडं कडू झालं, पुन्हा कांदा चिरण्यापासून सुरुवात. पावडर ‘एदेशनेमेश’ म्हणजे गोड प्रकारची घ्यायची, सेगेद आणि कालोचा ही दोन गावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सेगेदलाच आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांनी पाप्रिकामधून व्हिटॅमिन सी मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं, १९३७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं. पाप्रिका नाहीच मिळाली तर काश्मिरी मिरची पावडर, पण १ छोटा चमचाच, कारण ती थोडी तरी तिखट असते.

लगेच मिरच्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या घाला, पुन्हा गॅस लावा, मीठ, झाकण. पाणी अजिबात नाही. पाच-सात मिनिटांत मिरचीला पाणी सुटतं, त्यातच ती शिजते. अर्धवट मऊ झाली की टोमॅटो घाला, गरम पाण्यात बुडवून साल काढलेले, मोठ्या फोडी. टोमॅटो आधी घातला तर आंबटपणामुळे मिरची मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून नंतर. आता झाकण काढून वीसेक मिनिटं मंद आचेवर, सारखं ढवळू नका, मिरचीचा लगदा होतो. रस दाटसर झाला, वर लाल तवंग आला की झाला.

जिरं, हळद, गरम मसाला काही घालू नका, प्लीज, एकदा तरी असाच खाऊन बघा. टोमॅटो फार आंबट असतील तर चिमूटभर साखर चालते.

नेनी शेवटी बहुतेक वेळा ३-४ अंडी फेटून ओतायच्या, नाहीतर कोल्बास म्हणजे पाप्रिका घातलेल्या सॉसेजच्या चकत्या, त्या मात्र कांद्याबरोबरच परतून घ्यायच्या. काही घरी मूठभर तांदूळ घालतात, तेवढ्यापुरतं थोडं पाणी लागतं. बागेत बोग्राच म्हणजे विस्तवावर टांगलेल्या कढईत केला तर धुराचा वास लागतो, तो तर माझा सगळ्यात आवडता.

सोबत जाड कापलेला पांढरा पाव. पोळीबरोबर मला नाही आवडला, पोळी लगेच भिजते.

तिकडे हिवाळ्यासाठी बरण्या भरतात, गरम बरण्या गोधडीत गुंडाळून हळूहळू गार होऊ देतात. आपल्या हवेत मी तो धोका घेत नाही, अंडं घालायच्या आधीच अर्धा लेचो बाजूला काढते, गार करून डब्यात भरून फ्रीझरला टाकते, आणि खायच्या दिवशी गरम करून त्यात अंडी फोडते.